मापाला दिलेलं ब्लाउज

१ जुलै २०२४, सोमवार

आज दुकान उघडलं. अण्णांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, मी कुलूप काढलं. दोन्ही मिळून सहा मिनिटं लागली. अण्णा तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत. वेळेत संपलेला कार्यक्रम त्यांना आवडतो.

जागा गंगाखेडला, स्टेशन रोडवर, तळमजल्याला. तीन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक. कटिंगचं टेबल ९२ सेंटिमीटर उंच, म्हणजे कापणारीला वाकावं लागत नाही. खुर्च्यांना पाठ आहे. तिरुपूरच्या फॅक्टरीत मी चार वर्षं पॅटर्न काढले, तिथल्या शिवणाऱ्या बायका स्टुलावर बसायच्या.

कामाला दोघी. बबिता चोवीस वर्षांची, आमच्याच गल्लीतली, शिवणक्लास केलेली, बोलकी. सुलाबाई सत्तेचाळीस, राणीसावरगावच्या, घरी मेंढरं आहेत. एसटीने येऊन-जाऊन करणार. आधी अकरा वर्षं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका शेडमध्ये होत्या.

भिंतीवर पाच नियम लावले. नगावर मजुरी नाही, महिन्याचा पगार. आठ तासांवर काम नाही. आजारपणात भरपगारी रजा आणि जागा राखून ठेवली जाईल. चिंध्या फेकायच्या नाहीत. पाचवा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: इथे शिवणाऱ्या प्रत्येकीचा पहिला कपडा तिच्या स्वतःच्या मापाचा, आणि माप मी घेणार. जिने कधी अंगाला बसलेला कपडा घातला नाही, तिला तो दुसरीसाठी शिवता येणार नाही.

सुलाबाई त्या कागदासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "अक्षर चांगलं हाय," म्हणाल्या.

"छापलेलं आहे," मी म्हटलं.

२ जुलै, मंगळवार

बबिताचं माप घेतलं. मी डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी घेते. खांदा, मुंढा, छाती, कंबर, सगळं दोनदा. फॅक्टरीत एका कल्पित बाईचं माप असतं आणि तिच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. खरी बाई तशी नसते. बबिताचा उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, डाव्यापेक्षा एक सेंटिमीटर मोठा निघाला.

"कळशी उचलून झाला असंल," बबिता म्हणाली. "ताई, लग्नाच्या बायोडाटात लिवावं का हे?"

सुलाबाईंकडे वळले तर त्या म्हणाल्या, "माझं राहू द्या ताई. मी मापाला ब्लाउज आणते की."

इथे हीच पद्धत आहे. टेलर पुरुष असतो, तो टेप लावत नाही. बाई घरून एक बरं बसणारं जुनं ब्लाउज नेते, काउंटरवर ठेवते, तो त्यावरून शिवतो. त्या ब्लाउजात एकदा झालेली चूक पुढची वीस वर्षं शिवली जाते. माझा सगळा धंदा या मापाच्या ब्लाउजाच्या विरोधात उभा आहे. त्यामुळे सवलत देता येणार नाही. तसं सांगितलं.

"बरं," म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

११ जुलै, गुरुवार

सुलाबाईंनी बाही कशी लावली ते उलटून पाहिलं. एक चुणी नाही. इंचाला अकरा टाके, सगळीकडे अकरा. इतका साफ हात मी तिरुपूरलाही पाहिला नाही. बोलले नाही, कारण दुसऱ्याच आठवड्यात कौतुक केलं की मोजमाप बिघडतं.

मागच्या बुधवारी एक बाई दोन ड्रेसचं कापड घेऊन आल्या होत्या. माप घेताना म्हणाल्या, "आडनाव काय म्हणलात?" मी सांगितलं. टेप त्यांच्या कमरेभोवती होता. त्या हसल्या, कापड पिशवीत घातलं, "उद्या येते," म्हणाल्या. आज आठवा दिवस.

२३ जुलै, मंगळवार

सुलाबाईंनी हिरवं ब्लाउज आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, इस्त्री केलेलं. मी परत दिलं आणि टेप घेऊन उभी राहिले. त्या एक पाऊल मागे सरकल्या. पूर्ण एक पाऊल, फरशीच्या एका चौकोनावरून दुसऱ्यावर.

"हात नका लावू ताई."

बबिताने मशीन थांबवलं. सुलाबाई सावरून म्हणाल्या, "अंग दुखायलंय आज."

मी टेप गुंडाळला.

आता ज्या गोष्टी आधीही दिसत होत्या त्या लिहून ठेवते. त्या आमच्या माठातलं पाणी पीत नाहीत, स्वतःची बाटली आणतात. डबा आत खात नाहीत, बाहेरच्या ओट्यावर पाठ करून बसतात. बबिताने भाजी पुढे केली तर "पोट भरलंय" म्हणतात. मला याचा अर्थ शोधावा लागत नाही. लहानपणापासून पाठ आहे.

४ ऑगस्ट, रविवार

अण्णांना सांगितलं. ते दाढी करत होते.

"तू विचारलंस का तिला?"

"नाही."

"विचारायला काय जातं?"

"विचारायला जात नाही. ऐकायला जातं."

त्यांनी गाल पुसला. म्हणाले, ऑफिसात एक शिपाई होता, तो सगळ्यांना चहा हातात द्यायचा आणि मला टेबलावर ठेवायचा. बारा वर्षांनी कळलं, माझं टेबल दाराजवळ होतं आणि त्याच्या दुसऱ्या हातात किटली असायची.

"आणि दुसरा एक होता," मी म्हटलं, "जो खरोखर ठेवायचा."

"हो. तोही होता."

म्हणजे या गोष्टीतून काहीच सिद्ध होत नाही. सुलाबाईंचा हात चांगला आहे आणि मला तो हवा आहे. त्यांच्या मनात काय आहे ते मी पगारात विकत घेतलेलं नाही. पाचवा नियम त्यांच्यापुरता स्थगित.

२० ऑगस्ट, मंगळवार

पहिली मोठी ऑर्डर. विहाराच्या महिला मंडळाच्या विजयमालाकाकू आल्या होत्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, १२ ऑक्टोबरला, मंडळातल्या बेचाळीस जणी पांढऱ्या साडीवर एकसारखी पांढरी ब्लाउजं घालणार आहेत. दरवर्षी तयार घेतात, निम्म्या जणींना बसत नाहीत.

"तुझं ते डावं-उजवं आमच्यावर करून दाखव," काकू म्हणाल्या. "बसलं तर साऱ्या तालुक्यात सांगते. न्हाई बसलं तर ते बी सांगते."

त्या दोन्ही करतील. दुकानाला मी स्वतःशी दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. ही ऑर्डर वेळेत गेली तर दुकान राहील, नाही तर मी परत तिरुपूरला.

बाह्या सगळ्या सुलाबाईंनी लावायच्या असं ठरवलं. सांगताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आमच्या बेचाळीस बायका.

"बेचाळीस बाया म्हणजे चौऱ्याऐंशी बाह्या," त्या म्हणाल्या. "बघू."

"बघू" हा शब्द मी जसा ऐकला तसा लिहिला आहे.

८ सप्टेंबर, रविवार

विहारात मापं घेतली. सकाळी नऊ ते चार. बबिता आकडे लिहीत होती. सुलाबाईंना यायची सक्ती नव्हती, तरी आल्या, आणि दाराशी बसून राहिल्या.

भिवराबाई बहात्तर वर्षांच्या. आधी नको म्हणाल्या, "मरायच्या वयात माप कशाला गं." मग हात पसरून उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. टेप पाठीवरून फिरवताना म्हणाल्या, "सरकारनं लय मापं घेतली. रेशनाची, घरकुलाची. माझं कुणी घेतलं नव्हतं."

बायका हसल्या. मी मान वर केली तेव्हा सुलाबाई हसत नव्हत्या. त्या डोळे न हलवता टेपाकडे बघत होत्या. जेवणाच्या वेळी त्या निघून गेल्या होत्या. विहारातलं जेवण. मी नोंद केली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सुलाबाईंच्या दिवसाला दहा बाह्या व्हायच्या, या आठवड्यात सहा. टाके अजून अकरा आहेत, म्हणजे हात बिघडलेला नाही, वेग जाणूनबुजून कमी. तयार ब्लाउज दांडीवर अडकवायचं काम त्या बबितावर ढकलतात. इस्त्री उजव्याच हाताने उचलतात, डावा हात अंगाशी धरून बसतात. नाइलाजाने काम करणारी माणसं अशीच आखडून बसतात.

त्यांची बाटली आज माझ्या टेबलावर राहिली होती. आतलं पाणी हिरवट होतं, कडू वास येत होता. झाकण लावून परत दिली.

विचारलं, "काही अडचण आहे का?"

"न्हाई."

"हे काम करायचं नसेल तर स्पष्ट सांगा. मला वाईट वाटणार नाही."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मला काढू नका ताई."

"काढायचा प्रश्नच नाही. नियम भिंतीवर आहेत, वाचा."

त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या.

माझा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

अठ्ठावीस तयार. चौदा बाकी, अकरा दिवस. बाह्यांचं काम अडलं आहे. मी स्वतः दोन लावल्या, दोन्ही उसवून पुन्हा लावल्या.

बबिता म्हणाली, "ताई, मावशीला एकदा नीट विचारा की."

"काय विचारू?"

"ते मला काय म्हाईत. पर बाई आपल्या माणसाचं जेवण सोडून आठ-आठ दिवस पेजेवर ऱ्हाती होय?"

मी म्हटलं, पेज असो की पुरणपोळी, ओट्यावर बसून खाण्यामागचं कारण मला माहीत आहे. बबिता मशीनकडे वळली. ती गप्प बसते तेव्हा मला बरं वाटत नाही, पण त्या वेळी पुढचं कापायचं होतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

हे जसं घडलं तसंच लिहिते.

सकाळी सुलाबाईंनी भिवराबाईंच्या ब्लाउजाची डावी बाही उलटी लावली. त्यांच्याकडून पहिली चूक. मी बबिताला चहा आणायला पाठवलं आणि विचारलं. तीन महिने न विचारलेलं.

"सुलाबाई, माझ्या जातीमुळे तुम्ही मला हात लावू देत नाही ना? पाणी पीत नाही, आत जेवत नाही. फक्त हो किंवा नाही सांगा. तुमची नोकरी तशीच राहील."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हसल्या, पण ते हसू लगेच मोडलं.

"काय बोलायलाव ताई. मेंढरामागं फिरणारी बाई मी. आमाला कोन कवा वसरीच्या आत घेतलं व्हतं?" त्या उठल्या, माठाजवळ गेल्या, माझ्याच पेल्यात पाणी घेतलं आणि उभ्या-उभ्या प्यायल्या. पेला पालथा घातला. "झालं?"

मी गळ्यातला टेप सारखा केला.

"तुमी बी कुटं कुणाला हात लावू देताव? तुमचा उजवा खांदा खाली हाय. बोटभर. पयल्या दिवशी दिसलं मला. मी बोलले का कुणाला?"

माझा उजवा खांदा २.२ सेंटिमीटर खाली आहे. जन्मापासून. माझे कपडे मी स्वतः कापते आणि त्या बाजूला पॅड घालते. चार वर्षं सोबत काम केलेल्यांना दिसलं नव्हतं. घरातही कुणी बोलत नाही.

त्यांनी दार लावलं. माझा टेप माझ्या गळ्यातून काढला आणि माझ्या खांद्यावर धरला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. सावकाश, आकडा मोठ्याने न उच्चारता. मग टेप माझ्या हातात दिला, पदर बाजूला केला, माझा हात धरला आणि डाव्या बाजूला काखेजवळ टेकवला.

सुमारे साडेतीन सेंटिमीटर. घट्ट. बोटाने हलत नाही. वरची कातडी ओढल्यासारखी. काखेत आणखी एक, लहान.

"कधीपासून?"

"खतासाठी रानात मेंढरं बसवायला गेलो व्हतो वैशाखात, तवा आवळ्याएवढं न्हवतं."

"दाखवलं कुणाला?"

"एक झाडपाल्यावाला हाय, त्यो पाला देतो. सकाळ-संध्याकाळ. प्यालं की मळमळतंय. तुमच्या म्होरं ओकायचं बरं दिसत न्हाई, म्हणून भायेर बसते."

"मला का नाही सांगितलं?"

"गणवेशाच्या शेडात एक व्हती. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनवर दुसरी." त्यांनी पदर नीट केला. "टेप लागला की कळंलच म्हणलं तुमाला. तुमचं डावं-उजवं बारीक असतंय."

मी भिंतीकडे बोट केलं. "तिसरा नियम आहे. आजारपणात रजा, जागा राखून. पहिल्या दिवसापासून लावलेला आहे."

"मला कुटं वाचता येतंय ताई. आकडे तेवढे येतेत."

बबिता चहा घेऊन आली. तिघींनी घेतला.

९ ऑक्टोबर, बुधवार

परभणीला नेलं. सुईने तपासणी, फोटो. सुलाबाईंचे यजमान किशनराव सोबत होते. फेट्याचं टोक हातात घेऊन बाकावर बसून राहिले. मला म्हणाले, "मेंढीच्या कासंला गाठ आली की आमी लगेच वळखतो. आन हे घरात."

मी भिंतीवरचा कागद काढला आहे. घरी येऊन टेबलावर ठेवला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बेचाळीस दिली. शेवटच्या तीन बाह्या सुलाबाईंनीच लावल्या. मी नको म्हटलं होतं. "हात हालतोय तवर लावू द्या," म्हणाल्या.

विहारासमोर बायका रांगेत उभ्या होत्या. एकही खांदा ओढलेला नाही, एकही गळा उचललेला नाही. विजयमालाकाकूंनी फोटो काढून सगळीकडे पाठवले. दुपारपर्यंत अकरा जणींचे फोन आले. दुकान राहणार.

हे मी लिहून ठेवते, कारण जुलैत मला हेच हवं होतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

संभाजीनगर. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर तरुण आहेत, नीट समजावून सांगतात. काखेत पसरलंय. मी विचारलं, दोन-अडीच महिने आधी आलो असतो तर?

"तसा हिशोब करू नये," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "फरक पडू शकला असता. सांगता येत नाही."

परत येताना गाडीत ही वही उघडली. २३ जुलै, त्या एक पाऊल मागे सरकल्या तो दिवस. ८ ऑक्टोबर, मी विचारलं तो दिवस. मधले सत्त्याहत्तर. प्रत्येक नोंद बरोबर आहे. बाटली, ओटा, सहा बाह्या, अंगाशी धरलेला डावा हात. एकही निरीक्षण चुकलेलं नाही.

अण्णांना ही पानं वाचायला दिली. त्यांनी वाचून वही मिटली. मला वाटलं, किटलीची गोष्ट काढतील. म्हणाले, "जेवून घे."

९ जानेवारी २०२५, गुरुवार

नवा रिपोर्ट. यकृतावर ठिपके. मी विचारलं, किती काळ? डॉक्टरांनी आकडा दिला नाही. मला आकडा हवा होता.

दुकानात आता चौघी आहेत. सोमवारी सकाळी पाचही नियम मी मोठ्याने वाचते. पहिल्यांदा वाचले तेव्हा बबिता म्हणाली, "ताई, शाळेतल्या प्रार्थनेवानी वाटायलंय." वाटू दे. सुलाबाईंचं मशीन झाकून ठेवलं आहे. त्यावर कुणी बसत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

राणीसावरगावला गेले. टेप, कार्ड, पेन्सिल घेऊन. सुलाबाई अंगणात उन्हात बसल्या होत्या, डोक्याला किशनरावांचा मफलर. मेंढरं चरायला गेलेली, वाडा रिकामा.

"आलाव का," म्हणाल्या. "पाचवा नंबर ऱ्हायलाय माझा."

"पाचवा नियम."

"त्येच."

आत जाऊन दार लावलं. मी माप घेतलं. खांदा, मुंढा, छाती, कंबर, सगळं दोनदा. डावीकडे टेप सरळ खाली येतो, मध्ये काही नाही. जखमेची रेघ एकोणीस सेंटिमीटर. त्या भिवराबाईंसारखे डोळे मिटून उभ्या होत्या. थंड लागतं का विचारलं. न्हाई म्हणाल्या.

"आत काही भरून दोन्हीकडे सारखं दिसेल असं करता येतं," मी सांगितलं. "तुम्हाला हवं असेल तर."

"तुमी खांद्याला भरताव तसं?"

"हो."

"तुमचं तुमी बघा," त्या म्हणाल्या. "माझं हाय तसं शिवा."

उजवीकडे उभारीसाठी टक येईल, डावीकडे नाही. डावी बाजू सपाट, अस्तर मऊ मलमलचं, टोचेल अशी शिवण तिकडे घ्यायची नाही. हुक पुढून, कारण हात मागे जात नाही. पॅटर्न डोक्यात तयार आहे.

निघताना त्यांनी फळीवरून ते हिरवं ब्लाउज काढलं. अजून त्याच वर्तमानपत्रात होतं. "हे ठिवा. आता कुणाच्या मापाला चालायचं न्हाई."

मी ते पिशवीत ठेवलं. मग कार्डाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही खाली रिकामी जागा कशाची?"

"पुढच्या मापाची तारीख. शरीर बदलतं, म्हणून दर सहा महिन्यांनी नव्याने घेतो."

त्यांनी दाराबाहेर, रिकाम्या वाड्याकडे पाहिलं. किशनराव तिथे काहीतरी झाडत होते.

"मग लिवा की," म्हणाल्या. "सगळ्यांचं लिवताव."

मी २ ऑगस्ट २०२५ लिहिलं.

"वाचून दाखवा आता. सगळं."

मी नावापासून सुरुवात केली. खांदा डावा, खांदा उजवा. मुंढा डावा, मुंढा उजवा. प्रत्येक आकडा वाचला, एकही सोडला नाही, आणि शेवटी ती तारीख वाचली.

"बरं," सुलाबाई म्हणाल्या.